चिप प्रोग्रामर 'सक्सेसफुल' म्हणाला, तरी लगेच विश्वास ठेवू नका



लॅपटॉप रिपेअरिंगच्या व्हिडिओत मी एक छोटा काळा यूएसबी प्रोग्रामर दाखवला होता. सीएच३४१ए चिपवाला, सोबत एक क्लिप आणि दोन-चार बारीक ॲडाप्टर येतात तो. काहीशे रुपयांची वस्तू. पण 'लाइट लागते, पंखा फिरतो, स्क्रीनवर मात्र काहीच येत नाही' अशा कामांत हीच वस्तू पैसे मिळवून देते. ऐकून बऱ्याच जणांनी तो घेतला आणि आता काही जण त्याच्यापाशीच अडकलेत. व्हिडिओत जे मावलं नाही, ते आज सविस्तर सांगतो.

सुरुवात एका फोनपासून करतो. करावे गावात घराच्या पुढच्या खोलीत दुकान टाकलेला आपला एक विद्यार्थी. त्याच्याकडे कॉलेजच्या एका मुलाचा लॅपटॉप आला होता. बायोस अपडेट चालू असताना बंद पडलेला. आपल्या गड्याने क्लिप लावली, चिप ओळखली गेली, 'रीड' केलं, फाइल सेव्ह केली. मग इरेज, मग इंटरनेटवरून मिळालेली त्याच मॉडेलची फाइल राइट, शेवटी व्हेरिफाय. सगळीकडे 'सक्सेसफुल'. लॅपटॉप चालू झाला, पैसेही मिळाले.

दोन दिवसांनी तो मुलगा परत आला. "दादा, बायोसमध्ये सिरीयल नंबर दुसराच दिसतोय. खालच्या स्टिकरवर वेगळा आहे. माझी वॉरंटी बाकी आहे हो."

आपल्या गड्याने बॅकअपची फाइल उघडली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नुसतं 'एफएफ एफएफ एफएफ'. म्हणजे बॅकअप कधी झालाच नव्हता. आणि मूळ चिप तर त्यानेच स्वतःच्या हाताने पुसलेली.

"सर, पण मशीनने सक्सेसफुल दाखवलं होतं ना!"

हो, दाखवलं होतं. पण ते कशाबद्दल होतं, हे कळलं नाही तर हा धंदा करू नये. आजचा सगळा लेख या एका गोष्टीवर आहे.

या चिपमध्ये असतं तरी काय?

लॅपटॉपच्या बोर्डावर आठ पायांची एक बारीक चिप असते. तिच्यावर २५क्यू६४, २५क्यू१२८ असं काहीतरी छापलेलं असतं. हीच बायोसची चिप. नावातला ६४ म्हणजे ६४ मेगाबिट. आठाने भागा, ८ एमबी. १२८ म्हणजे १६ एमबी. हा हिशेब डोक्यात पक्का ठेवा, पुढे लागणार आहे.

नव्या मुलांना वाटतं की यात फक्त बायोसचा प्रोग्राम असतो, दुसरीकडून आणून टाकला की झालं. तसं नाही. त्याच चिपमध्ये त्या एका लॅपटॉपचा सिरीयल नंबर असतो, बऱ्याच लॅपटॉपमध्ये नेटवर्कचा मॅक ॲड्रेस असतो, आणि विंडोज ८ पासून पुढच्या, कंपनीकडून विंडोजसह आलेल्या लॅपटॉपमध्ये विंडोजची कीसुद्धा असते. म्हणजे अर्धी चिप कंपनीची आणि अर्धी गिऱ्हाइकाची समजा. अपडेट अर्धवट झालं तरी हा गिऱ्हाइकाचा भाग बहुतेक वेळा शाबूत असतो. तो वाचवणं हेच आपलं काम, आणि गिऱ्हाईक पैसे देतं तेही त्याचेच.

अडचण पहिली: कॉम्प्युटरला प्रोग्रामर दिसतच नाही

सॉफ्टवेअर उघडलं की खाली 'डिव्हाइस नॉट कनेक्टेड'. लगेच 'पीस खराब निघाला' म्हणून दुकानदाराशी भांडायला लॅमिंग्टन रोडला जाऊ नका. सीवूड्सहून कुर्ला, कुर्ल्याहून दादर, तिथून ग्रँट रोड, अर्धा दिवस जातो. आधी डिव्हाइस मॅनेजर उघडा.

तिथे 'पोर्ट्स'च्या खाली 'यूएसबी सिरीयल' असं काही कॉम नंबरसकट दिसतंय? म्हणजे बोर्डावरचा जंपर चुकीच्या जागी आहे. सीएच३४१ए ही चिप दोन वेगवेगळी कामं करते, एक सिरीयल पोर्टचं आणि दुसरं प्रोग्रामरचं. कोणतं करायचं ते त्या बारीक जंपरवर ठरतं. प्रोग्रामर यूएसबीतून काढा, जंपर दुसऱ्या जागी घाला, परत लावा.

पिवळं चिन्ह दिसतंय? मग ड्रायव्हर नाही. याच्या कंपनीचे दोन ड्रायव्हर मिळतात, नावात 'एसईआर' असलेला आणि 'पीएआर' असलेला. पहिला सिरीयलसाठी. आपल्याला दुसरा, 'पीएआर'वाला हवा.

एक नखरा खास सांगतो. फ्लॅशरॉम हे फुकट सॉफ्टवेअर विंडोजवर चालवायला बरेच जण 'झाडिग' नावाच्या प्रोग्रामने ड्रायव्हर बदलतात. तो बदलला की फ्लॅशरॉम चालतं, पण कंपनीच्या ड्रायव्हरवर चालणारी नेहमीची सॉफ्टवेअर बंद पडतात. मग माणूस म्हणतो, 'काल चालत होतं, आज काय झालं?' काही झालेलं नाही. डिव्हाइस मॅनेजरमधून तो ड्रायव्हर काढा आणि 'पीएआर'वाला परत टाका.

आणि प्रोग्रामर थेट कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये लावा. स्वस्तातला हब आणि लांब एक्स्टेन्शन केबल ही या कामात हमखास डोकेदुखी.

अडचण दुसरी: चिप ओळखत नाही

'डिटेक्ट' दाबल्यावर चिप स्वतःची ओळख तीन आकड्यांत सांगते. उदाहरणार्थ ईएफ ४० १७. पहिला आकडा कंपनीचा: ईएफ म्हणजे विनबाँड, सी२ म्हणजे मॅक्रॉनिक्स, सी८ म्हणजे गिगाडिव्हाइस. शेवटचा आकडा आकाराचा: १६ म्हणजे ४ एमबी, १७ म्हणजे ८ एमबी, १८ म्हणजे १६ एमबी. चिपवर २५क्यू६४ छापलंय आणि शेवटचा आकडा १७ आला, तर गाडी रुळावर आहे.

सगळे एफएफ किंवा सगळे शून्य आले, तर चिप उत्तरच देत नाहीये. या क्रमाने बघा:

- क्लिपची लाल वायर चिपच्या १ नंबरच्या पिनेवर आहे का? चिपवर जिथे बारीक ठिपका असतो, ती १ नंबर.
- सॉकेटच्या बरोबर भागात लावलंय का? २४ सिरीजच्या चिपला एक भाग, २५ सिरीजला दुसरा. बोर्डावर छापलेलं असतं, अंदाजाने लावू नका.
- पिना स्वच्छ आहेत का? करावे हे खाडीकाठचं गाव. इकडच्या दमट, खाऱ्या हवेत राहिलेल्या बोर्डाच्या पिनांवर थर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन आधी पुसा. अर्ध्या केसेस इथेच सुटतात.
- चार्जर, मोठी बॅटरी आणि बटण सेल, तिन्ही काढलेत का?

एवढं करूनही चिप बोलत नसेल, तर बोर्ड आड येतोय. क्लिप लावली की आपण चिपसोबत तिच्या लाइनवरच्या बाकीच्या भागांनाही करंट देत असतो. तो बिचारा प्रोग्रामर यूएसबीवर जगणारा, त्याला एवढा भार झेपत नाही. क्लिप लावताच प्रोग्रामरचा दिवा मंद झाला, तर समजा हेच कारण. मग हॉट एअरने चिप काढून सॉकेटमध्ये वाचायची. पण हे पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या बोर्डावर करायचं नाही. भंगारातले मेलेले बोर्ड आणा आणि दहा चिपा काढून, लावून हात बसवा.

एक वेगळी गोष्ट. टीव्ही, वॉशिंग मशीनच्या बोर्डावर २४सी०२, २४सी१६ अशा चिपा भेटतील. त्यांना 'डिटेक्ट' दाबलं तर काहीच येत नाही आणि येणारही नाही. या सिरीजच्या चिपांमध्ये ओळख सांगण्याची सोयच नसते. वर छापलेला नंबर बघून यादीतून हाताने निवडायचा. प्रोग्रामर एकदम चांगला असतो, आपण उगाच त्याला नावं ठेवतो.

अडचण तिसरी: व्होल्टेज, म्हणजे चिप जाळण्याचा सोपा मार्ग

२५ सिरीजच्या चिपा मुख्यतः दोन जातीच्या भेटतात, ३.३ व्होल्टच्या आणि १.८ व्होल्टच्या. दिसायला सारख्याच. नंबर वाचल्याशिवाय क्लिप लावायची नाही, हा नियम.

विनबाँडमध्ये आकाराच्या पुढची दोन अक्षरं बघा. एफव्ही, जेव्ही असेल तर ३.३. एफडब्ल्यू, जेडब्ल्यू, डीडब्ल्यू असेल तर १.८. मॅक्रॉनिक्समध्ये २५एल म्हणजे ३.३ आणि २५यू म्हणजे १.८. गिगाडिव्हाइसमध्ये २५क्यू म्हणजे ३.३, २५एलक्यू म्हणजे १.८. हे एका कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा. १.८ च्या चिपेला त्याचा ॲडाप्टर मध्ये घालावाच लागतो. ॲडाप्टर नसेल तर काम घेऊ नका. 'बघतो करून' म्हणालात, तर तो प्रयोग गिऱ्हाइकाच्या खर्चाने होतो.

दुसरी गोम त्या काळ्या बोर्डातच आहे. त्यातले बरेच बोर्ड असे बनवलेत की चिपेला वीज ३.३ व्होल्टची मिळते, पण डेटाच्या लाइनवर ५ व्होल्ट येतात, कारण सीएच३४१ए स्वतः ५ व्होल्टवर चालवलेली असते. बऱ्याच चिपा ते सहन करतात, म्हणून लोकांना पत्ता लागत नाही. कधीतरी एखादी चिप, किंवा क्लिप लावलेली असताना बोर्डावरचा त्याच लाइनचा महागडा भाग, ते सहन करत नाही. नवीन प्रोग्रामर आणला की चिप न लावता मल्टिमीटरने सॉकेटच्या पिना मोजा. कुठल्याही पिनेवर ५ च्या जवळ आकडा दिसला, तर तो बोर्ड गिऱ्हाइकाच्या कामाला लावू नका. तो दुरुस्त करता येतो, पण त्यासाठी बारीक सोल्डरिंग लागतं. ते जमत नसेल, तर व्होल्टेज निवडायची सोय असलेला बोर्ड घ्या. थोडा महाग आहे, पण एका जळालेल्या मदरबोर्डापेक्षा स्वस्तच.

सगळ्यात महत्त्वाचं: रीड

आता येऊ त्या फोनकडे. आपल्या गड्याचं नेमकं काय चुकलं? चिप ओळखली गेली तेव्हा क्लिप नीट बसलेली होती. रीड चालू असताना ती जराशी सरकली. सॉफ्टवेअरला ते कळत नाही. लाइनवर जे येईल ते ते लिहून घेतं, आणि लाइन सुटलेली असली की एफएफ येतं. शेवटपर्यंत एफएफ वाचलं आणि म्हणालं, 'रीड सक्सेसफुल'. त्याच्या दृष्टीने खरंच होतं. वाचायला सांगितलं, वाचलं.

म्हणून रीडची पद्धत अशी ठेवा:

१. एकदा रीड करा, सेव्ह करा.

२. क्लिप पूर्ण काढा, परत लावा, पुन्हा रीड करा, दुसऱ्या नावाने सेव्ह करा. क्लिप न काढता दोनदा वाचून उपयोग नाही. वाईट कॉन्टॅक्ट दोन्ही वेळा तीच चूक करू शकतो.

३. दोन्ही फाइल एचएक्सडी या फुकट हेक्स एडिटरमध्ये उघडून 'कंपेअर' करा. एका बाइटचाही फरक नको. फरक असेल तर पुढे जायचं नाही, कॉन्टॅक्ट आणि व्होल्टेज परत बघायचं.

४. फाइलचा आकार बघा. ८ एमबीच्या चिपेची फाइल बरोबर ८३,८८,६०८ बाइटची, १६ एमबीची १,६७,७७,२१६ बाइटची. कमी-जास्त असेल तर यादीतून चिप चुकीची निवडली आहे.

५. फाइल डोळ्यांनी बघा. दोन रीड जुळले, पण दोन्हीत नुसतं एफएफ, तर ते जुळून काय कामाचं? चांगल्या फाइलमध्ये मधूनमधून वाचता येणारे इंग्रजी शब्द दिसतात, मॉडेलचं नाव दिसतं. '_एफव्हीएच' ही चार चिन्हं इंग्रजीत शोधा, आजकालच्या बायोसमध्ये ती सापडतात. इंटेलच्या लॅपटॉपमध्ये सुरुवातीच्या १६ बाइटनंतर ५ए ए५ एफ० ०एफ असे चार बाइट असतात. बोर्डावर दोन चिपा असतील तर हे फक्त पहिलीत दिसतं.

६. सिरीयल नंबर फाइलमध्ये शोधा. स्टिकरवरचा नंबर सापडला, तर गिऱ्हाइकाचा माल आपल्या हातात सुरक्षित आला.

या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं होईपर्यंत इरेजच्या बटणाकडे माउस न्यायचा नाही.

इरेज, राइट, व्हेरिफाय: कोण काय सांगतं?

या चिपेचा स्वभाव असा की लिहिताना ती फक्त १ चा ० करू शकते. ० चा परत १ करायचा तर आख्खा भाग पुसावा लागतो. म्हणून पुसलेली चिप सगळीकडे एफएफ दाखवते आणि म्हणूनच इरेज न करता राइट केलं की व्हेरिफायला एरर येते. क्रम ठरलेला: इरेज, ब्लँक चेक, राइट, व्हेरिफाय.

इरेज झालं म्हणतंय पण ब्लँक चेक नापास? मग चिपेवर लिहिण्याची बंदी चालू आहे. सॉफ्टवेअरमध्ये 'अनप्रोटेक्ट' असतं, ते करून परत इरेज.

आणि व्हेरिफाय. ते इतकंच सांगतं की चिपमध्ये जे आहे ते आणि स्क्रीनवर जी फाइल उघडी आहे ती, दोन्ही सारखी आहेत. ती फाइल बरोबर आहे का, या लॅपटॉपची आहे का, यातलं ते काही सांगत नाही. शेजाऱ्याच्या घराची किल्ली हुबेहूब बनवली, म्हणून ती आपल्या कुलपाला लागेल का?

अजून एक. कंपनीच्या साइटवरून उतरवलेली अपडेट फाइल जशीच्या तशी चिपमध्ये टाकायची नसते. बहुतेक वेळा तिचा आकार चिपेशी जुळतच नाही, कारण ते अपडेटचं पॅकेट असतं, आख्खी चिप नसते. त्यातला बायोसचा भाग काढून आपल्या मूळ बॅकअपमध्ये बसवावा लागतो. आता कळलं ना, मूळ बॅकअपशिवाय हात का बांधले जातात?

सॉफ्टवेअरचे बाकीचे नखरे

- नवीन रीड करण्याआधी सॉफ्टवेअर बंद करून उघडा. आधीच्या गिऱ्हाइकाची फाइल स्क्रीनवर तशीच पडून राहते आणि घाईत तीच सेव्ह होते.
- जुन्या सॉफ्टवेअरला मराठी नावाचं फोल्डर कधी कधी उघडता येत नाही. फाइलची नावं इंग्रजीत, साधी ठेवा: तारीख, जॉब नंबर, मॉडेल, रीड १ किंवा २.
- चिप यादीत नसेल तर हट्ट करू नका. निओप्रोग्रामर, एएसप्रोग्रामर, फ्लॅशरॉम यातलं दुसरं वापरून बघा. एकाच्या यादीत नसलेली चिप दुसऱ्याच्या यादीत असते.
- ही सॉफ्टवेअर कुठूनकुठून उतरवलेली असतात, अँटिव्हायरस ओरडतो. म्हणून या कामाला एक जुना लॅपटॉप वेगळा ठेवा. त्याच्यावर बँक नाही, जीपे नाही, गिऱ्हाइकाचे फोटो नाहीत.

आता धंद्याचं बोलू

सीवूड्स स्टेशनवरच्या मॉलमध्ये गाळा घेणं आपल्याला परवडत नाही. गावातल्या दुकानाची जाहिरात म्हणजे तोंडी नाव. कॉलेजचा एक मुलगा नाराज झाला की त्याचा आख्खा वर्ग दुसरीकडे जातो. तेव्हा:

तपासणीचे पैसे वेगळे आणि कामाचे वेगळे, हे लॅपटॉप हातात घेतानाच सांगा. जॉब कार्डवर स्टिकरवरचा सिरीयल नंबर लिहा, 'काम अयशस्वी होऊ शकतं' हे लिहा आणि गिऱ्हाइकाची सही घ्या. पण सही घेतली म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली येते, छोटं दुकान असलं तरी.

मूळ बॅकअप दोन ठिकाणी ठेवा, निदान वॉरंटीचा काळ संपेपर्यंत. आणि कोणी बायोसचा पासवर्ड काढायला लॅपटॉप आणला, तर खरेदीचं बिल आणि ओळखपत्र बघितल्याशिवाय हात लावू नका. चोरीचा माल निघाला तर पोलिसांसमोर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

आपल्या त्या गड्याचं काय झालं? त्याने मला विचारलं, "सर, काहीतरी कारण सांगू का त्याला?" मी म्हणालो, जे झालं ते सांग. त्याने सांगितलं, घेतलेले पैसे परत केले आणि सर्व्हिस सेंटरला स्वतः सोबत गेला. त्या महिन्याला त्याचं नुकसान झालं. आता त्याच्या जॉब कार्डवर एक जादा रकाना आहे: 'रीड १ = रीड २, बघितलं'. तिथे स्वतःची सही केल्याशिवाय तो इरेज दाबत नाही.

तुम्हीही पहिलं जॉब कार्ड छापाल, तेव्हा तो रकाना त्यात घाला. आणि या रविवारी घरातला एखादा मेलेला बोर्ड काढून दोन रीड जुळवून बघा. जुळेपर्यंत दुकानाची पाटी लावू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत.